कात्रणांची फाइल आणि काचेची खिडकी

वाचकाचे पत्र :

सप्रेम नमस्कार. मी एका जिल्हा दैनिकात चोवीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करून निवृत्त झाले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत, मतदानाच्या आधीच्या दोन आठवड्यांत, माझ्या टेबलावर रोज रात्री उमेदवारांची स्तुती करणारा मजकूर ‘बातमी’ म्हणून येत असे. त्यावर बातमीदाराचे नाव नसे आणि स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही, अशी तोंडी सूचना असे. एका मजकुरात ‘विकासाची’ हा शब्द लागोपाठ दोनदा पडला होता. मी खूण केली, तर ‘आहे तसेच जाऊ द्या’ असे उत्तर आले. दोन दिवसांनी आमच्या प्रतिस्पर्धी दैनिकात तोच मजकूर, त्याच दुबार शब्दासह, छापून आला. तेव्हाची कात्रणे मी जपून ठेवली आहेत. त्या प्रकरणाची तेव्हा देशभर चर्चा झाली. आज कोणाला काही आठवत नाही. पत्रकारिता शिकणारी माझी भाची म्हणते, ‘मावशी, पॅकेज तर असतेच, त्यात काय एवढे?’ दोन वर्षांपूर्वी मी स्टेन्ड ग्लासचे, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडण्याचे काम शिकले. त्या मथळ्यांची, रकमांची आणि नावांची एक खिडकी करून गावच्या वाचनालयाला द्यावी, असे मनात आहे. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर कामाला बसले की संताप येतो, हात जड होतो आणि काच भलतीकडेच फुटते. घरचे म्हणतात, हा विषय आता सोडून दे. मी काय करावे? त्या मुद्रितांवर माझी सही आहे, हेही सांगते.

उत्तर :

आदरणीय ताई,

आपले पत्र मी चार वेळा वाचले आणि चारही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. प्रश्न विचारून झाल्यावर, पत्र बंद करता करता आठवले म्हणून लिहावे, तसे ते वाक्य आपण लिहिले आहे. मला मात्र सारे पत्र त्या वाक्यासाठीच लिहिले गेले असावे असे वाटते. त्याकडे मी येणारच आहे. आधी आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो : विषय सोडू नका, पण मनात आहे ती खिडकी करू नका. नावे, रकमा आणि मथळे यांची जागा कागदावर आहे, आणि आपल्याकडे तो कागद आहे. काचेकडून कागदाचे काम करून घ्यायला गेलात, तर दोन्ही कामे अर्धवट राहतील.

ज्या वाचकांना ते प्रकरण आठवत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १३ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाले. त्याआधीच्या दिवसांत अनेक वृत्तपत्रांत उमेदवारांची भलामण करणारा मजकूर बातमीच्या रूपात, जाहिरात असल्याचा कोणताही उल्लेख न करता छापून आला. पैसे घेऊन छापलेल्या अशा मजकुराला ‘पेड न्यूज’ म्हणतात आणि त्यासाठीच्या सौद्याला ‘पॅकेज’. त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीनंतर ज्येष्ठ पत्रकार प्रभाष जोशी यांनी हिंदी पत्रकारितेतल्या याच प्रकाराविरुद्ध आवाज उठवला होता. महाराष्ट्रातले प्रकरण गाजत असतानाच, नोव्हेंबर २००९ मध्ये, त्यांचे निधन झाले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले, की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयीचा जवळजवळ शब्दशः सारखा मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत प्रसिद्ध झाला होता, आणि चव्हाण यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रीय जाहिरातींवर ५,३७९ रुपये खर्च दाखवला होता. प्रकरण निवडणूक आयोगापुढे गेले. त्याच्या चौकशीचा अधिकार आयोगाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. हा शेवटचा भागही तितक्याच ठळकपणे सांगायला हवा, कारण आपली तक्रार अर्धवट छापण्याबद्दलच आहे.

पत्र परिषदेत, म्हणजे प्रेस कौन्सिलमध्ये, जे घडले ते मला याहून अधिक बोचते. परांजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांच्या उपसमितीने ७१ पानांचा अहवाल २०१० मध्ये तयार केला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती, साक्षी होत्या आणि संबंधितांची उत्तरेही होती. परिषदेने जुलै २०१० मध्ये त्याऐवजी एक छोटा, नावे गाळलेला अहवाल स्वीकारला आणि मूळ अहवाल दप्तरी ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांपुढे आला. तोवर पुढच्या निवडणुकांचे वारे वाहू लागले होते.

आता आपल्या भाचीविषयी. तिच्यावर रागावू नका, कारण ती खोटे बोललेली नाही. एखादी गोष्ट दडपली गेली म्हणून विसरली जाते तेव्हा ती शोधून काढता येते. ही गोष्ट अंगवळणी पडली म्हणून विसरली गेली आहे आणि तिची आठवण करून देणे त्यामुळेच फार कठीण झाले आहे. २००९ मध्ये लोकांना धक्का बसला होता, हेच तिला ठाऊक नाही. नुसते ‘हे चुकीचे होते’ असे सांगितल्याने तिला काही कळणार नाही. तो दुबार शब्द असलेली दोन कात्रणे तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवा आणि स्वस्थ बसा.

मात्र ‘कोणाला काही आठवत नाही’ हे आपले वाक्य मी पूर्णपणे मान्य करणार नाही. उत्तर प्रदेशातील एका महिला आमदाराला पेड न्यूजचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले; अशा कारणासाठीची ती पहिली कारवाई. आज निवडणूक जाहीर झाली की जिल्ह्याजिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती बसते आणि संशयित मजकुराचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरण्याची शिफारस करते. तिचे काम कुठे चोख होते आणि कुठे कागदोपत्री, हा वेगळा प्रश्न आहे, पण ती समिती आपल्या टेबलावर येणाऱ्या त्याच मजकुरांमुळे जन्माला आली. विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात, मार्च २०१५ मध्ये, पेड न्यूजला कायद्याने शिक्षापात्र करावे असे सुचवले. एवढे तरी उरले आहे, आणि ज्यांनी तेव्हा कागद जपले त्यांच्यामुळे उरले आहे.

म्हणून आधी फाइल. मुद्रितशोधकाच्या डोळ्याला जे दिसते ते वार्ताहरालाही दिसत नाही. दोन दैनिकांत सारखी स्तुती येणे हा योगायोग आहे, असे कोणी म्हणू शकेल. एकाच वाक्यात ‘विकासाची विकासाची’ असा तोच शब्द त्याच जागी दोनदा पडणे, हा योगायोग कोणी म्हणणार नाही. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारेही कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे समान चुकांवरूनच ताडतात, कारण बरोबर मजकूर दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतो, पण नेमकी तीच चूक सहसा सुचत नाही. आपल्या सर्व कात्रणांत अशा समान चुका शोधा : गळलेला काना, चुकलेले आडनाव, अर्धे राहिलेले वाक्य. हे काम आपल्याइतके चांगले करणारी माणसे या राज्यात आता थोडीच उरली असतील.

प्रत्येक कात्रणाची तारीख, आवृत्ती, पान आणि रकाना एका वहीत नोंदवा. पूर्ण पाने असतील तर ती कापू नका, कारण शेजारी काय छापले होते तेही महत्त्वाचे असते. तारीख नसलेल्या कात्रणांसाठी एकदा मुंबईला जाऊन यावे लागेल. ग्रंथ व वृत्तपत्रे सुपूर्द करण्याच्या १९५४ च्या कायद्यानुसार, आणि १९५६ पासून वृत्तपत्रांनाही तो लागू झाल्यानंतर, ज्या चार ग्रंथालयांकडे देशातील प्रकाशने जमा करायची असतात, त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मोठ्या वाचनालयांतही जुन्या अंकांच्या बांधीव फायली असतात. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यामुळे उजेडात पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. कात्रणे सपाट, अंधारात, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवा. चिकटपट्टी, डिंक, टाचण्या आणि लॅमिनेशन यांपासून दूर ठेवा, आणि काही लिहायचेच असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहा. सर्वांचे स्कॅन करून एक प्रत भाचीकडे द्या.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कोणी कोणाला किती पैसे दिले हे आपल्या कात्रणांवरून सिद्ध होत नाही. एकच मजकूर, एकाच चुकीसह, अमुक तारखांना अमुक दोन ठिकाणी छापला गेला, एवढेच त्यांवरून सिद्ध होते. फाइलमध्ये तेवढेच लिहा. रकमा आपण ऐकल्या असतील, पण पावती पाहिली नसेल तर त्या लिहू नका. अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती हे त्याचे एक कारण आहे. त्याहून मोठे कारण असे, की एक न टिकणारा आकडा बाकीच्या सगळ्या टिकणाऱ्या नोंदींना संशयात ओढतो.

आता ती सही. मुद्रितावर सही करताना आपण शब्दांची जबाबदारी घेत होता, मजकूर छापण्याचा निर्णय आपला नव्हता, हे खरे आहे आणि ते आपल्याला अनेकांनी सांगितलेही असेल. त्याने समाधान झाले असते, तर ते वाक्य पत्रात आले नसते. आपल्याला त्या प्रकरणाच्या विसरले जाण्याचा राग आहे, तसा स्वतः गप्प राहिल्याचाही आहे, आणि हे दोन राग इतकी वर्षे एकाच डब्यात राहिल्याने एकमेकांचा वास त्यांना लागला आहे. माझी विनंती आहे, की त्या फाइलचे पहिले पान आपले स्वतःचे असावे. कोणत्या पदावर होता, कोणत्या रात्री काय आले, खूण केली तेव्हा काय सांगितले गेले, त्यानंतर आपण काय केले आणि काय केले नाही, हे सारे प्रथमपुरुषी, एका पानात लिहा. ना क्षमायाचना हवी, ना बचाव. खाली तारीख घाला आणि सही करा. त्या मुद्रितांवरच्या सहीला उत्तर द्यायचे असेल, तर ते याच अक्षरांत देता येईल. वाचनालयाला देण्यासारखी वस्तू खरोखर हीच आहे. त्यांनी नको म्हटले, तर पत्रकारितेच्या एखाद्या विभागाचे ग्रंथालय ती घेईल.

एवढे झाले की काचेवरचा भार उतरेल, आणि मग काचेविषयी मोकळेपणाने बोलता येईल. मीही हे काम काही वर्षे शिकलो आहे, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो.

मथळे काचेत उतरवण्याचा विचार तांत्रिकदृष्ट्याही अवघड आहे. देवनागरी अक्षरे शिशाच्या पट्टीने वळवायला गेलात, तर काना, मात्रा आणि वेलांट्या यांची जाळी होते आणि खिडकी लोखंडी गजांसारखी दिसू लागते. काचेवर टिकाऊ अक्षर लिहायचे तर काचेची पूड आणि धातूचे ऑक्साइड यांचा रंग लावून तो भट्टीत सहाशे अंशांच्या पुढे भाजावा लागतो. साधा रंग उन्हाने उडतो. शिवाय रंगीत काचेतून जमिनीवर पडलेला प्रकाश ही या कलेची खरी मिळकत आहे, आणि त्या प्रकाशात मजकूर वाचता येत नाही. राजाबाई टॉवरमधल्या ग्रंथालयात किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये सकाळच्या वेळी गेलात, तर डोळे आधी फरशीकडे जातात, ते यामुळेच.

काच भलतीकडे का फुटते, याचे कारण आपल्या ‘हात जड होतो’ या तीन शब्दांत आहे. कटर काच कापत नाही; तो पृष्ठभागावर एक केसाएवढी रेघ ओढतो आणि काच त्या रेघेवर मोडली जाते. जोर लावला तर रेघेच्या कडेला बारीक पांढरे कपचे उडतात आणि तडा नको तिकडे पळतो. तीच रेघ दुसऱ्यांदा ओढली तर कटरचे चाक बोथट होते आणि काचेला दोन वाटा मिळतात. मी पहिल्या वर्षी निळ्या काचेचा एक चांगला तुकडा असाच तीनदा गिरवून वाया घालवला होता. कटरच्या चाकाला तेलाचा थेंब लावा, उभे राहून, खांद्यातून हात चालवत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता रेघ ओढा आणि कानाने ऐका. रेशीम फाटल्यासारखा बारीक, सलग आवाज आला तर रेघ बरोबर पडली. कर्कश आवाज आला तर जोर जास्त झाला. आवाजच आला नाही तर रेघ उठलेली नाही. मग वेळ न घालवता रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून काच खाली वाकवा. आतल्या बाजूला वळणारी रेघ एका दमात मिळत नाही. आधी दोन-तीन उथळ कमानी काढून त्या पकडीने एकेक करून सोडवाव्या लागतात. संताप आलेला असेल त्या दिवशी काच कापू नका, कागदावरचा नमुना आखा किंवा कडा घासा. संताप वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाही. मनगटावर त्याचा काय परिणाम होतो, तो आपण पाहिलाच आहे.

आणि हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर अजिबात करू नका. पट्टी शिशाची असते आणि झाळण्याच्या कथलातही बहुधा शिसे असते. त्याची पूड आणि कीस हाताला, कपड्याला, टेबलाच्या फटींना लागतो, आणि लहान मुलांच्या शरीरात तो गेला तर फार अपाय करतो. वेगळी जागा, उघडी खिडकी, वेगळा अंगरखा, काम संपल्यावर साबणाने हात, कोरड्या झाडूऐवजी ओले फडके, आणि त्या जागी चहासुद्धा नाही, एवढे नियम आजपासून पाळा. घरात नातवंडे येत-जात असतील, तर त्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

नमुन्यासाठी मी एक गोष्ट सुचवतो, पटली तर घ्या. तीन उभे झरोके शेजारी शेजारी घ्या आणि तिघांसाठी कागदावर एकच आकृती आखा, त्याच रेघा, त्याच जोडांसह. फक्त काच तीन वेगळ्या रंगांची वापरा. त्या आकृतीत एक जोड मुद्दाम दुबार घ्या आणि तो तिन्हींत त्याच जागी येऊ द्या. ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल, ज्याला ठाऊक नाही त्याला निदान विचारावेसे वाटेल, आणि विचारणाऱ्यासाठी फाइल तयार असेल. कोणाचेही नाव त्यात नको, फक्त आपले हवे. युरोपातील मध्ययुगीन खिडक्यांत, ज्याने पैसे दिले त्याची लहानशी गुडघे टेकलेली आकृती तळाशी दाखवण्याची रीत होती; आपल्याकडच्या जुन्या चर्चमधल्या स्मारक-खिडक्यांच्या पायथ्याशीही ती कोणाच्या स्मरणार्थ आणि कोणी बसवली, हे लिहिलेले आढळते. खर्च कोणाचा, हे कामातच लिहून ठेवणारी ही कला आहे. पेड न्यूजने वाचकापासून नेमके तेच लपवले होते. म्हणून तळाशी एक अरुंद पांढरी पट्टी ठेवा, तीवर आपले नाव, वर्ष आणि ‘स्वखर्चाने’ एवढाच शब्द लिहून घ्या आणि ज्यांच्याकडे आपण शिकलात त्यांच्या भट्टीत ती भाजून आणा. एवढी अक्षरे काचेला पेलतील.

ही खिडकी आधी आपल्या घराच्या पूर्वेकडच्या भिंतीला बसवा. वाचनालयाचे विश्वस्त काय म्हणतील, या काळजीत काम करू नका. फाइल तिथे गेली की त्यांना खिडकीची मागणी स्वतःहून करता येईल. तीन फुटांहून उंच झरोका असेल तर मागे आडवी सळई बांधायला विसरू नका, नाहीतर काही वर्षांत शिसे स्वतःच्या वजनाने पोट काढते.

झाळून झाल्यावर जवसाचे तेल आणि खडूची पूड यांची लांबी, म्हणजे पुट्टी, ब्रशने पट्टीच्या कडांत भरायची, वरून कोरडी पूड टाकून घासायची आणि झरोका सपाट ठेवून द्यायचा. लांबी घट्ट व्हायला काही दिवस जातात आणि तेवढ्यात तो उचलता येत नाही. त्या दिवसांत भाचीला बोलावून घ्या. तिने कात्रणे वाचावीत, आपण तारीख, आवृत्ती आणि पान सांगावे, आणि वहीत नोंद तिने करावी. ‘विकासाची विकासाची’ आले की तिला थांबवू नका. ते तिचे तिला सापडू द्या.

आपला,
सदरलेखक